सलीम इन्स्पेक्टरची न संपणारी परीक्षा

दोन शत्रू राष्ट्रांचे दोन पोलीस अधिकारी नाइलाजाने एका गाडीत बसतात. रस्ताभर भांडतात. एकमेकांच्या जेवणाला, कपड्यांना, कामाच्या पद्धतीला नावे ठेवतात आणि एकाच गुन्हेगारामागे धावता धावता शेवटी दोस्त होतात. या एका कथेवर जगभर किती चित्रपट निघाले याची गणती नाही. आम्हाला असे चित्रपट आवडतात, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उर्दू शाळेचा मास्तर सिनेमावर लिहायला बसला म्हणजे सिनेमा हराम ठरवूनच उठणार अशी काहींची समजूत असते. आमची तक्रार वेगळी आहे. आपल्या हिंदी चित्रपटाने या कथेतली परक्या देशाच्या अधिकाऱ्याची खुर्ची उचलली आणि तिच्यावर याच देशाच्या मुसलमान फौजदाराला नेऊन बसवले, ही आमची तक्रार आहे. आणि त्याहून मोठी तक्रार ही, की आपणही ती खुर्ची पुसून, नीट मांडून त्याला बसायला मदत केली.

आधी मूळ जातीचा नमुना पाहू. वॉल्टर हिल या दिग्दर्शकाचा ‘रेड हीट’ हा १९८८ सालचा अमेरिकी चित्रपट. मॉस्कोच्या पोलीस दलातला कॅप्टन डँको, म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर, एका फरारी अमली पदार्थवाल्याला ताब्यात घ्यायला शिकागोला येतो. त्याच्याबरोबर तिथला एक गबाळा, बडबड्या डिटेक्टिव्ह दिला जातो, रिड्झिक नावाचा. ते काम जेम्स बेलुशीने केले आहे. शीतयुद्ध अजून संपायचे होते. दोन्ही देशांची क्षेपणास्त्रे एकमेकांवर रोखलेली होती. तरीही साऱ्या चित्रपटात डँकोला कोणी विचारत नाही की, बाबा रे, तू शिकागोशी इमानदार आहेस ना? त्याचे पिस्तूल काढून घेतात ते परवान्याच्या मुद्द्यावर. तो रशियन आहे, रशियनच राहतो, रशियाचेच काम करतो, आणि तेवढ्यावर त्याला मान मिळतो. रिड्झिक तर त्याहून नशीबवान. तो आळशी आहे, तोंडाळ आहे, वरिष्ठांना वैताग आणतो. पण त्याच्या आळसावरून कोणी त्याच्या देशप्रेमाचे माप काढत नाही. शेवटी दोघे विमानतळावर मनगटावरची घड्याळे बदलून घेतात. अमेरिकनाला स्वस्तातले पूर्व जर्मन घड्याळ मिळते, रशियनाला महागडे. हिशेब तोट्याचा, पण दोस्तीचा.

एक गोष्ट मात्र पहिल्यांदा पाहताना सुटते. या दोन बलाढ्य राष्ट्रांना गुन्हेगार म्हणून कोण सापडला? सोव्हिएत बाजूचा खलनायक रशियन नाही, जॉर्जियन आहे, म्हणजे त्या महासंघातल्या एका अल्पसंख्य कौमेचा. आणि शिकागोत त्याला साथ देणारी टोळी काळ्यांची. दोन गोऱ्या अधिकाऱ्यांचे मैत्र जुळते तेव्हा पायाखाली दोन्ही देशांतले दुबळे घटक पडलेले असतात. शत्रूशी तह करायचा तर घरातल्या कोणाला तरी किंमत चुकवावी लागते, ही या चित्रपटाची न बोललेली अट आहे. हे सूत्र ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

दक्षिण कोरियात २०१७ साली ‘कॉन्फिडेन्शियल असाइनमेंट’ नावाचा याच घाटाचा चित्रपट निघाला. उत्तर कोरियाचा एक अधिकारी आणि दक्षिणेचा एक संसारी, घाबरट पोलीस. बनावट डॉलर छापायच्या साच्यांचा शोध. तिथे मामला आपल्या अधिक जवळचा आहे, कारण दोन्हीकडची भाषा एक, जेवण एक, आजोबा-पणजोबा एक. मध्ये फक्त रेघ आलेली. उत्तरेचा पाहुणा दक्षिणेच्या पोलिसाच्या घरी राहतो, त्याच्या बायको-मुलीबरोबर एका ताटाशी बसतो. तिथे हसू येते ते दोघे एकसारखे असून वेगळे वाढले म्हणून.

आता आपल्याकडे या. जॉन मॅथ्यू मॅथन यांचा ‘सरफरोश’ एप्रिल १९९९ च्या अखेरीस आला. लगेच मे महिन्यात कारगिलचे युद्ध पेटले. आधीचे बरेच हिंदी सिनेमे ‘पडोसी मुल्क’ म्हणून आडून बोलत; याने पाकिस्तानचे नाव सरळ घेतले आणि तो गाजला. आरोग्यपूर्ण मनोरंजनाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. चित्रपट बांधेसूद आहे, तपासाचा धागा पक्का आहे. चंद्रपूरच्या जंगलापासून राजस्थानच्या सीमेपर्यंत शस्त्रांचा माग काढत नेणारी अशी पटकथा त्या काळात विरळाच होती. म्हणूनच त्याच्याशी भांडण करणे भाग आहे. टुकार चित्रपटाशी कोण भांडतो?

त्यात एसीपी अजयसिंह राठोड (आमीर खान) आणि इन्स्पेक्टर सलीम (मुकेश ऋषी) अशी जोडी आहे. सलीम अनुभवी, खबऱ्यांचे जाळे असलेला, निष्ठेने काम करणारा. सुलतान नावाचा गुन्हेगार हातून निसटतो आणि सलीमला तपासातून बाजूला केले जाते. आपण मुसलमान म्हणून आपल्यावर संशय घेतला गेला, हे शल्य त्याच्या मनात घर करते. राठोड मदत मागायला जातो, सलीम नकार देतो, राठोड रागाने बोलून जातो की देश वाचवायला मला कोणा सलीमची गरज नाही. पुढे सलीम स्वतःच महत्त्वाची बातमी घेऊन येतो आणि राठोडला बजावतो, हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस. या प्रसंगाला टाळ्या पडतात. आमच्या मोहल्ल्यात तर फारच जोरात पडल्या. कितीतरी घरांत हा संवाद पाठ आहे.

टाळ्या ओसरल्यावर शिक्षकाच्या नजरेने हा प्रसंग तपासू. बी.एड.च्या पाठ टाचणात पहिला रकाना उद्दिष्टांचा असतो: हा पाठ शिकून विद्यार्थ्याला काय साध्य झाले पाहिजे? या पाठाचे उद्दिष्ट काय? संशय घेणारे वरिष्ठ चुकले, हे सिद्ध करणे? तसे असते तर त्या वरिष्ठांची खातेनिहाय चौकशी व्हायला हवी होती. ती होत नाही. चूक संशयाची आणि निरसनाची जबाबदारी संशयिताची. सलीमने खबर आणली म्हणून संशय खोटा ठरला. समजा, त्याच्याकडे खबर नसती तर? चांगल्या फौजदाराकडेही कधी कधी खबर नसते. मग तो काय ठरला असता? पेपर असा काढला आहे की उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळत नाही, पुढच्या परीक्षेची तारीख मिळते.

याच चित्रपटातला खलनायक गुलफाम हसन पाहा. नसीरुद्दीन शाह यांनी तो उभा केला. पाकिस्तानचा गझल गायक, फाळणीत इकडचे घर सोडून तिकडे गेलेला, आणि तिकडचेच लोक त्याला अजून मुहाजिर म्हणतात हे दुःख उरात घेऊन फिरणारा. त्याला कला आहे, आठवण आहे, जखम आहे. पाकिस्तानी मुसलमानाला पटकथाकाराने एक अख्खे आयुष्य दिले. हिंदुस्थानी मुसलमानाला काय दिले? पडदा पडल्यावर सलीमच्या आवडीनिवडीबद्दल, त्याच्या चेष्टामस्करीबद्दल, त्याच्या घरच्या रविवारबद्दल आपल्याला काय आठवते, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे. आम्हाला आठवतो तो त्याचा ताणलेला जबडा आणि दुखावलेले डोळे.

आमच्या आठवीच्या वर्गात स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्याची चर्चा चालली होती. मुलांना पोलिसांचे काहीतरी बसवायचे होते. ‘सरफरोश’ टीव्हीवर पाहिलेली चार-पाच मुले होती. राठोड कोण होणार म्हटल्यावर बारा हात वर आले. सलीम कोण, विचारले तर एकही नाही. वर्गातल्या साऱ्या मुलांची नावे सलीम, सोहेल, इरफान अशीच, तरी सलीम कोणाला व्हायचे नव्हते. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, सलीम तो आखिर में मर जाता है ना?” आम्ही त्याला सांगितले की नाही बाबा, मरत नाही, शेवटपर्यंत जिवंत असतो. त्याला ते पटले नाही. दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नव्हता. पन्नास सिनेमे पाहून त्याने नियम शोधून काढला होता, आणि गणितात आपण मुलांना तेच शिकवतो: उदाहरणांवरून नियम.

हे असे पूर्वीपासून होते का? आम्हाला वाटते, नव्हते. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये इन्स्पेक्टर विजय आणि शेरखान यांची जोडी आहे. प्राण यांचा शेरखान जुगाराचा अड्डा चालवतो. पोलीस ठाण्यात खुर्चीवरून दोघांची जुंपते, मग हातघाई, मग दोस्ती. तो पठाण आहे, नमाजी आहे, गुन्हेगार आहे, पण त्याला कोणी वतनाचा दाखला मागत नाही. विजय त्याच्याकडून मागतो ते एवढेच की धंदा सोड. शेरखान धंदा सोडतो तो दोस्तीखातर. त्याच्या लाल दाढीवर, त्याच्या गाण्यावर सगळा देश खूश झाला. गंमत अशी की शेरखान पोलीस नव्हता. आमचा माणूस वर्दीत गेला आणि तिथून त्याची तपासणी सुरू झाली!

गेल्या काही वर्षांत तर आणखी नवल घडले. खऱ्या अर्थाने दोन वैरी राष्ट्रांच्या जोडीचे चित्रपट आपल्याकडे आले, आणि धो धो चालले. १५ ऑगस्ट २०१२ ला कबीर खान यांचा ‘एक था टायगर’ लागला. भारताच्या ‘रॉ’चा हेर आणि पाकिस्तानच्या ‘आयएसआय’ची हेर, दोघांचे प्रेम. २०१७ च्या ‘टायगर जिंदा है’मध्ये दोन्ही देशांच्या हेरांनी मिळून इराकमधल्या २५ भारतीय आणि १५ पाकिस्तानी परिचारिकांना सोडवले. २०२३ च्या ‘पठाण’मध्ये पुन्हा तीच जोडी, नट वेगळे. पाकिस्तानने ‘एक था टायगर’ आणि ‘टायगर जिंदा है’ आपल्या थिएटरांत लागू दिले नाहीत. आपल्या सेन्सॉरला आणि प्रेक्षकाला मात्र आयएसआयची नायिका खपली. ती नाचली, गायली, गोळ्या झाडल्या, प्रेमात पडली. तिला कोणी दुःखी चेहऱ्याने उभे करून निष्ठेची कबुली घेतली नाही.

आम्हाला हे आवडले नाही असे नाही. दोन्ही देशांची माणसे एका बाजूने लढताना पाहून कोणाला वाईट वाटेल? पण जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. पाकिस्तानची हेर: नायिका. हिंदुस्थानचा मुसलमान फौजदार: उमेदवार, कायम परिवीक्षेवर. २०२१ च्या ‘सूर्यवंशी’त रोहित शेट्टी यांनी वाईट मुसलमानांसमोर चांगले मुसलमान मांडले, टोप्या घातलेल्या माणसांनी गणपतीची मूर्ती उचलून सुरक्षित जागी नेली. आमच्या कोकणात गणपतीच्या दिवसांत शेजारधर्म काय असतो हे आम्ही सांगायला नको; पण कोणी शेजाऱ्याला मदत करताना पाठीमागून संगीत वाजत नाही. हे संगीत का वाजते? कारण दिग्दर्शकाच्या मनात ही मंडळी अजून परक्या देशातून आलेली आहेत, आणि त्यांनी या देशात काही चांगले केले ही बातमी आहे.

आमच्या दशावताराची रीत यापेक्षा उदार आहे. जत्रेत रात्री राक्षस होऊन आरोळ्या ठोकणारा नट पहाटे रंग पुसून चहाच्या टपरीवर बसतो, आणि कधी पुढच्या गावच्या जत्रेत राजाही होतो. त्याच्या घरच्यांना कोणी राक्षसकुळातले समजत नाही. हिंदी पडद्यावर आमचा रंग पुसला जात नाही, आणि आता तो पडद्याबाहेरही उतरू लागला आहे. गुजरात पोलिसांच्या सराव कवायतीत दहशतवादी बनलेल्या पोलिसांना टोप्या घातल्या गेल्या. तेव्हाच्या मुख्यमंत्री आनंदीबेन पटेल यांनाच ती चूक होती असे म्हणावे लागले. महाराष्ट्रातही अशा कवायती झाल्या, चंद्रपुरात झाली. तिथे खोट्या अतिरेक्यांच्या तोंडी धार्मिक घोषणा दिल्या गेल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अतिरेकी एकाच समाजाचे दाखवणाऱ्या कवायतींना अंतरिम मनाई केली. त्या हवालदाराला टोपी घालायचे कोणी शिकवले? पोलीस प्रशिक्षणाच्या पुस्तकात तर ते नसणार. त्याने तो वेश पडद्यावर पाहिलेला होता.

खऱ्या पोलीस दलाची गोष्ट वेगळी आहे, आणि चित्रपटवाल्यांनी तिकडे बघायला हवे होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईचे पोलीस आयुक्त हसन गफूर होते. पुढे राम प्रधान समितीने त्यांच्या नेतृत्वावर ताशेरे ओढले. ते योग्य की अयोग्य यावर मतभेद असतील, पण ते ताशेरे एका पोलीस आयुक्तावर होते. त्यांनी फौज कुठे ठेवली, स्वतः कुठे उभे राहिले, हा प्रश्न होता. २०१५ साली अहमद जावेद मुंबईचे आयुक्त झाले, निवृत्तीनंतर सौदी अरेबियात भारताचे राजदूत म्हणून गेले. अधिकारी म्हणून वाखाणले जाणे आणि अधिकारी म्हणूनच टीका सोसणे, हे दोन्ही हक्क खऱ्या आयुष्यात आमच्या माणसांना काही वेळा तरी मिळाले आहेत. पडद्यावरच्या सलीमला दुसरा हक्क नाही. तो चुकला तर पोलीस चुकला असे होत नाही, मुसलमान उघडा पडला असे होते. म्हणून लेखक त्याला चुकूच देत नाही, आणि जो चुकत नाही त्याचे पात्र कसे होणार? त्याचा फलक होतो.

दोन वैरी देशांच्या तपास अधिकाऱ्यांची खरी गाठही मुंबईने पाहिली आहे. मुंबई हल्ल्याच्या पाकिस्तानातल्या खटल्यासंबंधी तिकडचा न्यायिक आयोग मार्च २०१२ मध्ये मुंबईत आला. त्याने मुख्य तपास अधिकारी रमेश महाले, कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांचे जबाब घेतले. उलटतपासणीची मुभा नव्हती, म्हणून तिकडच्या न्यायालयाने ते सारे काम बाद ठरवले. सप्टेंबर २०१३ मध्ये आयोग पुन्हा आला आणि या वेळी पाकिस्तानी वकिलांनी महाले यांची उलटतपासणी केली. डोळ्यांसमोर आणा: मुंबईच्या न्यायालयात आपला मराठी तपास अधिकारी, समोर लाहोर-रावळपिंडीकडचे वकील. यात नाट्य नाही? आहे, पण ते कागदांचे, तारखांचे, चिवटपणाचे नाट्य आहे. त्यावर कोणी जोडीचा सिनेमा काढला नाही, कारण त्यात कोणाला छातीवर गोळी झेलून निष्ठा दाखवायची नसते. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानचे पाच जणांचे तपास पथकही हवाई तळ पाहून गेले. निष्पन्न काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तरी ही माणसे एका टेबलाशी बसली होती, आणि त्यांच्यात कोणी सलीम नव्हता ज्याच्यावर दोन्ही बाजूंनी रागाचा भार टाकावा.

आणि समुद्र? आम्ही किनाऱ्यावरची माणसे, म्हणून समुद्राची साक्ष काढणारच. भारतीय तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांच्यात ऑक्टोबर २००५ मध्ये करार झाला, थेट संपर्काची लाईन ठरली. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांना दोन्ही सरकारे एकमेकांच्या कैदेतल्या नागरिकांच्या, मच्छीमारांच्या याद्या देतात. डिसेंबर २०२४ मध्ये पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासकडे निघालेले ‘अल पिरानपीर’ हे गलबत बुडाले. बारा खलाशी छोट्या होडीत तरंगत राहिले, तेही पाकिस्तानच्या शोधक्षेत्रात. दोन्ही देशांच्या सागरी दलांनी एकमेकांशी बोलून शोध घेतला आणि आपल्या ‘सार्थक’ या जहाजाने बाराही जणांना जिवंत उचलले. दोन शत्रू राष्ट्रांचे अधिकारी, एक काम, बारा जीव. कॅमेरा तिकडे फिरकला नाही. खरे तर आमच्या मालवणच्या रापणकराला कराचीचा वैरी माहीतच नाही. त्याचा रोजचा वैरी म्हणजे मलपीहून येणारे वेगवान ट्रॉलर आणि पर्ससीनवाले. त्यांच्याशी भांडताना होडीतला दालदी आणि शेजारच्या होडीतला गाबीत एकाच शिवीने ओरडतात.

पण परीक्षा घेणाऱ्यांना किनाऱ्याचा पत्ता सापडतोच. २३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला. त्या रात्री मालवणात एका मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याच्या आरोपावरून तक्रार झाली, आईवडिलांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या कुटुंबाचे भंगाराचे दुकान पाडले गेले. मूल काय बोलले, बोलले की नाही, हे ठरवायला न्यायालय असते. तीन महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की बांधकाम पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस द्या, आरोपाची शिक्षा म्हणून घरे पाडू नका. हे प्रकरणही त्या न्यायालयापर्यंत गेले. आम्ही इथे एवढेच नोंदवतो: एका सामन्यात दोन संघ खेळत होते, आणि तिसरा संघ मालवणच्या एका गल्लीत आहे असे गृहीत धरले गेले. ‘रेड हीट’मधला तो जॉर्जियन आठवतो का? मैदानावरचे खेळाडू हस्तांदोलन करून निघून गेले.

आता आपल्या घरात डोकावू. कारण आमचा अर्धा राग इकडेच आहे.

हिंदी पडद्याने मांडलेली खुर्ची आपल्या लेखकांनी का उचलून घरात आणली? आपल्या ईद विशेषांकांतल्या, दिवाळी अंकांतल्या कथा काढून बघा. निवृत्त सुभेदार चाचा, छातीवर पदके, मोहल्ल्यातले टवाळ पोरगे त्यांना चिडवते, शेवटी चाचा तिरंग्यात गुंडाळून येतात. हवालदार हमीद दंगलीत शेजारच्या जोशीकाकूंना वाचवतो आणि स्वतः पडतो. अशा कथांत शेवटच्या ओळीला कोणीतरी बहुसंख्य समाजातले डोळे पुसते. त्या डोळे पुसण्यासाठीच सगळी कथा लिहिलेली असते! तिचा वाचक आपण नसतोच. ती पलीकडच्या परीक्षकासाठी लिहिलेली उत्तरपत्रिका असते, आणि आपण तिला साहित्य म्हणतो.

आपल्या शाळांतही हेच. मराठी शाळेतले मूल १५ ऑगस्टला दोन मिनिटे बोलते आणि खाऊ घेऊन घरी जाते. उर्दू शाळेच्या मुलाकडून दहा मिनिटांची तकरीर पाठ करून घेतली जाते, कारण पाहुणे बसलेले असतात. प्रत्येक तकरीरीत वीर अब्दुल हमीद येतात. परमवीरचक्र मिळवणाऱ्या त्या माणसापुढे आमची मान झुकते. पण १९६५ साली त्यांनी खेमकरणच्या रणांगणावर रणगाडे उडवले ते समोर शत्रूचे रणगाडे आले म्हणून. साठ वर्षांनी सिंधुदुर्गातल्या एका पोराला रहिवासी दाखल्याबरोबर जोडायला कागद मिळावा म्हणून त्यांनी तोफ डागली नव्हती. एका सैनिकाच्या शौर्याची झेरॉक्स काढून आपण दर वर्षी जोडत राहतो, आणि प्रत्येक वेळी ती मागणाऱ्याची सवय पक्की करतो.

काही मित्र म्हणतील, मास्तर, वेळ वाईट आहे, निदान चांगला मुसलमान तरी दाखवतात, तोही बंद झाला तर? हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. सलीमने काही काळ आपल्याला आधार दिला, हे खरे. पण पंचवीस वर्षांत या आधाराने काय उभे राहिले? ज्याने ‘सरफरोश’ पाहून टाळ्या वाजवल्या त्याच प्रेक्षकाच्या नातवाला शेजारचा सोहेल पाकिस्तानच्या विकेटवर हसला की रडला याची काळजी वाटते. चांगल्या मुसलमानाची जाहिरात जितकी जोरात, तितके बाकीचे मुसलमान अपवादाच्या बाहेरचे ठरतात. अपवाद दाखवून नियम मोडत नाही, घट्ट होतो. आमच्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला हे व्याकरण न शिकवता आले.

तेव्हा मागणी काय? आम्हाला रिड्झिक पाहिजे. नाव सलीम, पण स्वभाव रिड्झिकचा. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यातल्या एखाद्या सागरी पोलीस ठाण्यातला उपनिरीक्षक. पोट सुटलेला. स्टेशन डायरी दोन दिवस मागे. गस्तीच्या बोटीत बसला की ओकारी येते, हे वरिष्ठांपासून लपवून ठेवतो. पुतणीच्या निकाहासाठी चार दिवसांची किरकोळ रजा मागितली आहे आणि साहेब ती देत नाहीत. साहेब त्याच्यावर संशय घेतात तो एवढाच की रजा खरोखर निकाहासाठी आहे की आंब्याच्या कलमांसाठी.

आणि खरोखर दोन देशांची जोडी करायची असेल तर कथा इथे तयार आहे. फाळणीच्या आगेमागे कोकणातली कितीतरी मुसलमान कुटुंबे कराचीत गेली. तिथे कोकणी जमातीची वसाहत आहे. त्याआधी १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे कराची आणि मालवण एकाच लाटसाहेबाच्या हाताखाली. तर कराचीचा एक इन्स्पेक्टर बुडालेल्या गलबताच्या तपासाला येतो. कडक इस्त्रीचा, वेळेचा पक्का, शुद्ध उर्दू बोलणारा. आमचा सलीम त्याच्याशी हिंदी-उर्दूची खिचडी बोलून घामाघूम. दोन दिवस दोघांचे कशावरच पटत नाही. तिसऱ्या दिवशी जेटीवर पाय घसरून पाहुणा आपटतो आणि त्याच्या तोंडून आजीची शिवी बाहेर पडते, “शिरा पडो तुझ्या तोंडार!” सलीम थबकून बघतो. त्यानंतर त्यांचे भांडण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे किती घालावीत यावर, आणि हे भांडण शेवटपर्यंत मिटत नाही. गुन्हेगार कोण? डिझेलची चोरी करणारा कोणी पैसेवाला, ज्याचे नाव कोणत्याही धर्माचे असू दे, पण त्याच्या धर्माने कथेला काही काम नको. कोणी शहीद होत नाही. कोणी कोणाला वतनाची शपथ घालत नाही. पाहुणा परत जाताना सोलांची पुडी नेतो, आणि कस्टमवाले ती उघडून वास घेतात.

आमच्या जिल्ह्यात चित्रीकरणाला कलाकारांचे तांडे येतात. सावंतवाडीजवळच्या आकेरीत ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेचे चित्रीकरण झाले तेव्हापासून इथल्या वाड्यांना भाव आला आहे. तर ज्या निर्मात्याला हा चित्रपट काढायचा असेल त्याने खुशाल यावे. होडी आम्ही मिळवून देऊ, जेटीची परवानगी त्याने स्वतः काढावी. ठाण्यातल्या हवालदारांच्या कामांसाठी आमच्या शाळेची माजी मुले आहेत. फक्त पटकथेत सलीमचा रजेचा अर्ज मध्यंतरापूर्वी मंजूर झालेला दिसला पाहिजे, आणि तो निकाहाला जाऊन बिर्याणी खाऊन, दोन दिवस उशिराने कामावर हजर झाला पाहिजे.